वीणेचा पहारा

सुरत स्टेशनवर भुसावळ पॅसेंजरच्या तिकिटासाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे गावाहून आलेले गणपतआप्पा आणि त्यांना पोचवायला आलेला, इथंच सुरतेत कोसाडला राहून कापडाच्या लूमवर काम करणारा भटू.

"भटू, गावच्या सप्ताहात सात दिवस वीणा हातातून खाली ठेवायची नसते. पहाऱ्याला माणसं लागतात. तू सुट्टी काढच."

"काढली ना आप्पा. पण कोसाडला आमचाही सप्ताह त्याच तिथीला बसतोय."

"मग हिरामणला पाठव."

"तो आमचा मृदंग वाजवतो."

"पुंडलिक? जगन?"

"त्यांचे पहारे लागले. फळ्यावर नावं आहेत, पाळ्यांसारखी."

"असू दे. काल्याच्या कीर्तनाला आपले महाराज तर आहेत."

"त्यांनी तुम्हाला कळवलं नाही? काल्याला ते आमच्याकडे येताहेत."

"अरे, चाळीस वर्षांचा सप्ताह मोडायचा का मग?"

"मोडतोय कुठं? सगळं गाव इथंच तर आहे. तुम्हीपण या. दुपारी दोन ते चारचा पहारा मोकळा आहे."

"आणि गावात देवाजवळ दिवा कोण लावेल?"

"आज कोण लावतंय, आप्पा?"

आप्पांनी कोपरीचा खिसा चाचपला.

"देवळाची किल्ली माझ्याच खिशात राहिली रे."