ब्लोअरमधलं घुंगरू

हसू नका गं, माझी तर पाचावर धारण बसली होती. बाळाच्या पैंजणाचं एक घुंगरू दोन दिवस सापडत नव्हतं. त्याने गिळलंच असणार म्हणून मी त्याला केळी भरवत होते, लंगोट तपासत होते. त्यात पावसात काचेवरची वाफ घालवायला यांनी व्हॅनचा हीटर लावला, तर ब्लोअरची नुसती खडखड!

सिल्व्हर पार्कजवळच्या मेकॅनिकने ब्लोअरचा पंखा खोलून झटकला. "भाभी, मोटर ठीक है. ये अटका था."

घुंगरू! मला रडूच फुटलं.

हे म्हणाले, "बघ, उगाच घाबरतेस."

जुळवून बघायला मी बाळाचा दुसरा पाय वर केला. त्या पैंजणाचंही एक घुंगरू गायब!

"अहो," मी ओरडले, "आधी केळी आणा!"