तपासणीआधीची तयारी

आमच्या सुधादादाचं लेक्चर कुणी मध्येच थांबवल्याचं मी एकदाच बघितलंय, आणि ते आमच्या आईने थांबवलं. दादा म्हणजे माझा आतेभाऊ, लोट्याला केमिकल कंपनीच्या लॅबमधून रिटायर झालेला. पावसला आमच्या नर्सरीत कुंड्यांतली हापूसची कलमं पिवळी पडायला लागली, म्हणून मी त्याला बोलावलं.

कुंडीत साधं पाणी ओतायचं, खालून निथळेल ते वाटीत धरायचं आणि त्यात क्षार मोजायचा मीटर बुडवायचा, अशी त्याची पद्धत. पहिल्याच वाटीला त्याने चष्मा पुसला.

"अरे, कुंडी आहे की मिठागर? ह्यात कलम जगायचं कसं?"

पुढच्या सगळ्या कुंड्यांचं तेच. शेवटची एकच बरी निघाली.

"तिच्यापर्यंत पुरलं नाही रे," आई म्हणाली.

"काय पुरलं नाही, मामी?"

"सकाळी बांगडे धुतलेलं पाणी घातलं, राख घातली, वर मूठमूठ खत. तू तपासायला येणार, मग उपाशी कुंड्या दाखवायच्या होत्या?"

दादाने मीटर खाली ठेवला. "मामी, तपासणी खरं काय ते कळायला असते. आधी तयारी करून कसं चालेल?"

"मग साखर तपासायची असली की आठ दिवस भात सोडून कारल्याचा रस कोण पितो?"

दादाने मीटरला टोपण घातलं आणि चहा मागितला.

आईने आतून विचारलं, "साखर घालू, की तपासणी आहे?"