सातव्या मिनिटातला धागा

नाही जी भाऊ, मोबाइलवर छान दिसते हे मले सांगू नका. मोबाइलवर सगळंच छान दिसते. तुम्ही हा लॅपटॉप इकडं वळवा, तुमच्या साइटवर माझ्या मायचा व्हिडिओ लावला ना, तो पूर्ण स्क्रीनवर करा, अन् न्या सातव्या मिनिटावर. सात मिनिटं, बारा सेकंद. हां, थांबवा. आता सांगा, धागा कुठं आहे? मांडी दिसते, हात दिसते, बाजूच्या टोपल्यात रेशमाचे उकळलेले कोसे दिसते – अन् धागा? धागाच नाही तं मंग माझी माय काय हवेत हात फिरवून राहिली का? अन् बपेऱ्याच्या बाया हे पाहून रेशीम जोडनं शिकतीन म्हनता. कायले शिकतीन? नागपूरवरून एस्टीनं आंधळगावले आलात, त्याईच्या गटाची साइट बनवून राहिले, चांगलं काम आहे, मी नाही म्हनत नाही. चहा प्या. पन प्लेअर चांगला आहे, प्लेअर नवीन आहे, हे माझ्यासमोर नका बोलू. सकाळपासून डोकं फिरलं आहे माझं, अजून नका फिरवू.

प्लेअरचं मले विचारा ना. वर्ष झालं, याच्याच मागं लागलो आहे मी. लग्नं शूट करता करता पंधरा वर्षं झाली, सीडीपासून पेनड्राइव्हपर्यंत सगळं पाह्यलं, पन या एका व्हिडिओनं जेवढा त्रास दिला तेवढा एकाही नवरीच्या मामानं नाही दिला. पहिले टाकला फुकटच्या मोठ्या साइटवर. तिथं काय होते – तुम्ही कितीही चांगला द्या, ते आपल्या मापानं पुन्हा दाबते. अन् दाबताना पहिले काय जाते? बारीक जे असते थेच जाते. भिंत राहते, दरवाजा राहते, केस जाते, सूत जाते. वरून पाहनाऱ्याचं नेट कमी असलं की अजून हलका देते, कोनाले न विचारता. बपेऱ्याले नेट कसं आहे थे जाऊन पाहा एकदा – पलीकडं मध्य प्रदेश, मोबाइल कधी इकडचा टावर पकडते, कधी तिकडचा. गटाच्या सरिताबाईनं तिथून फोन केला मले, म्हने, भाऊ, धुक्यात बसवून काढला का व्हिडिओ? धुक्यात म्हने. मले इतका राग आला, मी फोनच ठेवून देल्ला.

मंग फुकटचं सोडलं. नेटवर स्वतःची जागा घेतली, अन् ब्राउझरचा जो साधा प्लेअर असते ना, तोच लावला. त्याची एक गोष्ट इमानदारीची आहे – तो काही दाबत नाही, काही खात नाही, जशी फाइल देल्ली तशी दाखवते. पन त्याचे नखरे वेगळे. नव्या कॅमेऱ्याच्या पद्धतीची फाइल ठेवली तं कोनाकडं नुसता आवाज, पडदा काळा. थे बदललं, तं नुसतं चक्कर फिरून राहिलं – काहून? तं म्हने फाइलची अनुक्रमणिका शेवटी लिहिली आहे, पूर्ण फाइल उतरल्याबिगर त्याले समजतच नाही की चालू कुठून कराचं. बरं, तीही समोर आनली. चालू झाला, तं बपेऱ्याले दर दहा सेकंदानं अडके. मंग तिसरा – हा तुमच्यासारखा, तुकडेवाला. एका व्हिडिओच्या चार प्रती करा, लहान-मोठ्या, प्रत्येकीचे चार-चार सेकंदाचे तुकडे, जसं नेट तसा तुकडा. डोकं आहे त्याले, मानतो मी. पन भेकड आहे, पहिला तुकडा सगळ्यात हलकाच देते. अन् चौकट लहान असली तं आपल्या मनानं ठरवते, एवढ्याशा चौकटीले मोठी प्रत कायले पाहिजे. अरे, तू कोन ठरवनारा? मी तं त्याले बांधूनच टाकलं – देशीन तं सगळ्यात वरची प्रत दे, नाही तं थांबून राहा जिथं आहे तिथं. तुम्ही बांधलं का? नाही ना. मले माहीतच होतं. पैसे देऊन मिळते तोही पाह्यला, लय सुंदर बटनं आहे त्याची, बटनं पाह्यत बसा.

तरी नाही दिसला. चारही करून पाह्यले, बांधून पाह्यले, सोडून पाह्यले – सातव्या मिनिटावर नेलं की नुसती मांडी. मंग मी काय केलं, एका लग्नाची फाइल त्याच प्लेअरवर लावली. तोच प्लेअर, तेच नेट, हाच लॅपटॉप. तं नवरीच्या पदरावरची जरतार मोजून घ्या, मेंदीची रेघ न् रेघ मोजून घ्या. म्हनजे येते ना दाखवता? कोनाच्या नवरीचा पदर दाखवते अन् माझ्या मायचा धागा काहून नाही दाखवत? बसल्या बसल्या लॅपटॉप फेकून द्याची इच्छा झाली होती त्या दिवशी.

काय म्हनलं? मोठ्यानं बोला. – हो, दिसते. टोपल्यातल्या कोशावरचे तंतू दिसते. – हो, बांगडीवरची नक्षीही दिसते, मी कुठं नाही म्हटलं. – प्लेअरचा दोष असता तं थेही गेलं असतं, म्हनता. – चहा थंडा होऊन राहिला तुमचा.

तुम्हाले माहीत आहे का, ती काय करते तिथं? तुम्ही नेटवाले, तुम्हाले एक व्हिडिओ म्हनजे एक व्हिडिओ. कोसा उकळला की त्याचं तोंड शोधा लागते, चार-पाच कोशांचे तंतू एकत्र ओढून मांडीवर तळहातानं वळा लागते, तवा एक धागा होते. हे आंधळगावात पुष्कळ बायाईले येते. माझ्या बायकोले, रुपालेही येते, मायनंच शिकवलं. पन धागा तुटला की? तुटला की सगळ्या गाठ मारते. गाठ मारली की मागावर अडकते, कापडावर दाना दिसते. माझे बाबा, ईश्वर त्याईचं नाव, ते मागावर बसत. ते मायच्या सुताचं म्हनत, निर्मलाचं सूत डोळे बांधून ओळखतो मी, त्याच्यात गाठच नाही. गाठच मारत नाही ती. दोन टोकं एकमेकावर ठेवते, जिभेनं ओलं करते, अन् मांडीवर एक उलटा फेर देते, मंग एक सुलटा – संपलं. कुठं जोडलं थे तिलेही सापडत नाही मंग. अन् थेच आहे सातव्या मिनिटात. अकरा मिनिटांच्या व्हिडिओत एकदाच तुटला धागा. मुद्दाम नाही तोडला तिनं, आपसुक तुटला.

परत शूट करा म्हनता. कोनाच्या हातानं? मागच्या एप्रिलमंधी लकवा मारला तिले, उजवी बाजू गेली. हात असा मांडीवर पडून राहते, उचलून ठेवा लागते. जीभ जड झाली, तरी बोलते. मी विचारलं ना तिले, माय, तोंडानंच सांग, मी लिहून घेतो. तं म्हने, सांगाचं काय आहे त्याच्यात, पाह्याचं काम आहे थे, तुझ्याजवळ व्हिडिओ आहे ना, पाय त्याच्यात. अन् रुपा रोज दुपारी बसते, टोकावर टोक ठेवते, फेर देते, अन् सुटते. रोज सुटते. मांडी लाल होते तिची. किती जोर द्याचा, अंगठा कुठं ठेवाचा, कोनतं टोक वर – थे कोन सांगन?

मूळ फाइल मांगून राहिले तुम्ही. तीनदा मांगितली आल्यापासून, मी काही बहिरा नाही.

नाही आहे मूळ फाइल. झालं समाधान? हार्ड डिस्क बिघडली, कार्ड हरवलं, असं सांगतो मी लोकाईले. तुम्हालेही थेच सांगनार होतो. कार्ड नाही हरवलं. तिथं कपाटात पडलं आहे. आता ऐका – आमच्याकडं सूत काढताना लुगडं पार वर घ्या लागते, मांडी मोकळी पाहिजे, पदरावर सूत वळत नाही. बाया आंगनात बसते, आपसात बसते, अन् पोट्टे थोडे मोठे झाले की समोर बसत नाही. कोनी सांगत नाही, पन नाही बसत. मीही नाही बसलो कधी. शूट केलं थेही दारातून, झूम लावून. ती म्हने, बाबू, कॅमेरा ठेव अन् इथं समोर बस, धर हे टोक. मी म्हटलं, हलू नको वो माय, फोकस जाते. ऐकू येते थे व्हिडिओत. आवाज एकाही प्लेअरवर खराब नाही झाला पाहा. सात मिनिटं दहा सेकंदाले साफ ऐकू येते – पाय बाबू, तुटला, आता इथं पाय.

मंग नेटवर टाकाची वेळ आली, अन् मले – लाज वाटली म्हना. माझ्या मायची उघडी मांडी अन् व्हिडिओखाली गावातले पोट्टे काय काय लिहितीन. पानठेल्यावर मोबाइल फिरन, मी तिकडून जाईन. तं लग्नात नवरीचा चेहरा गुळगुळीत करतो ना आम्ही, फोड, डाग, सुरकुत्या सगळं घालवाचं, कोनाच्या ध्यानातही येत नाही – थेच लावलं मांडीवर. पूर्ण अकरा मिनिटं, फ्रेममागं फ्रेम, हाताले धक्का न लागू देता, फक्त मांडी. दोन दिवस बसलो. लय सफाईनं केलं, तुम्हालेही इतका वेळ नाही समजलं. रुपा मागं उभी होती. म्हने, अहो, याच्यात धागाही जाईन ना. मी म्हटलं, तू स्वयंपाक पाहा. अन् मूळ फाइल डिलीट केली, कार्डावरून, लॅपटॉपवरून, कचऱ्याच्या डब्यातूनही. म्हटलं, कोनाच्या हाती लागली तं. कार्डावर मंग तीन लग्नं शूट केली, आता त्याच्यातून काही निघत नाही, भंडाऱ्याले दाखवून आनलं. चुकून नाही केलं भाऊ. नीट विचार करून केलं.

तं माहीत असूनही प्लेअर काहून बदलत बसला, असंच विचारता ना? मंग काय करू? सरिताबाईले सांगू का, तुमच्यासाठीच काढला अन् मीच पुसला? प्लेअरले शिव्या देता येते. प्लेअर बदलता येते. एक बसवला की आठ दिवस जाते.

अन् लाज कोनाची? तिले तं नव्हती. तिनं जन्मभर आंगनात बसून, लुगडं वर घेऊन, चारचौघात सूत काढलं, याच मांडीच्या कमाईवर मले शिकवलं, माझी पुस्तकं घेतली. तिले जर विचारलं असतं ना – पन विचारलं नाही मी. नेटवरचं हे तिले काय समजते, असं वाटलं.

बसा, कुठं निघाले? आत कायले? – नाही, मायले नमस्कार इथूनच करा. नाही जी, आत नका जाऊ. ऐका माझं. ती जागीच आहे. रोज दुपारी रुपा तिच्या डाव्या हातात मोबाइल देते अन् ती हाच व्हिडिओ पाह्यते. सातव्या मिनिटावर आली की मोबाइल डोळ्याजवळ नेते, मंग लांब धरते, मंग उजेडाकडं फिरवते. पहिल्यांदा पाह्यला तवा मले म्हने, बाबू, माझे डोळे गेले रे, आपलाच धागा मले दिसत नाही. अन् मी काय म्हटलं, माहीत आहे? मी म्हटलं, हो माय, वय झालं. तिले गाडीत टाकून भंडाऱ्याले नेलं, डोळे तपासले, चष्मा करून आनला. डॉक्टर म्हने, जवळचं एवढं काही खराब नाही. मी म्हटलं, तरी द्या. आता ती चष्मा लावून पाह्यते, अन् म्हनते, अजून नंबर वाढला. परवा दुसरा करून मांगत होती.

घरी कोनी नवीन मानूस आला की ती मोबाइल समोर धरते अन् विचारते, तुले दिसते का रे बाबू इथं धागा? गावातले हो म्हनते, म्हाताऱ्या मानसाचं मन राखते. तुम्ही नाही म्हनान. तुम्ही चांगले आहात, खरं बोलनारे आहात, आत्ता पाह्यलं मी. बॅग घ्या. तो व्हिडिओ तुमच्या साइटवरून काढून टाका, नाही तं राहू द्या, काय कराचं थे करा. पन तिकडं नका जाऊ. फाटक इकडं आहे. उठा.