यात गोळी नाही

...आणि वर मलाच विचारतात हो, "तुमच्या त्या पिशवीत डोकेदुखीची साधी एक गोळी नाही?" नाही! यात गोळी नाही! किती वेळा सांगायचं माणसानं? मी फर्निचरच्या कारखान्यात सोफ्याची कव्हरं शिवते, मला काही कुणी औषधाचं दुकान काढून दिलेलं नाही. पण नाही, ज्याचं डोकं दुखेल तो माझ्या मशीनपाशी, ज्याला करपट ढेकर येतील तो माझ्या मशीनपाशी, मागे एक गिऱ्हाईक आलं, पलंग बघायला आलेलं, पलंग राहिला बाजूला आणि मला विचारतंय, "ताई, कुरुपावर काही आहे का?"

तुम्हाला सांगते, सगळा दोष त्या खिळ्याचा. आमचे मालक म्हणजे भला माणूस, पण भित्रा. करवत सुरू झाली की स्वतःच्याच कारखान्यात कानात बोटं घालून उभे. कुठल्याशा प्रदर्शनात नवीन यंत्र बघायला गेले, यंत्र काही घेतलं नाही, ही पिशवी घेऊन आले. लाल, जेवणाच्या डब्याच्या पिशवीएवढी, कमरेला लावता येते. म्हणाले, "ट्रॉमा किट आहे. कुणाला मोठं लागलं, रक्त थांबेना, तर दवाखान्यात पोचेपर्यंत माणूस तगला पाहिजे, त्यासाठी." आता आमचे हे... हे म्हणजे माझे यजमान, त्याच कारखान्यात मिस्त्री आहेत, सगळं जग त्यांना मिस्त्री म्हणतं, घरी मुलंसुद्धा रुसली की मिस्त्रीच म्हणतात... तर हे रंधा न थांबवता म्हणाले, "काय, ड्रामा किट? मग ती आमच्या हिच्याजवळ ठेवा." झालं! सगळे हसले आणि हसता हसता मालकांनी पिशवी खरोखरच माझ्या मशीनवरच्या खिळ्याला अडकवली. का? तर म्हणे तेवढाच एक खिळा रिकामा होता. अहो, फर्निचरचा कारखाना तो, खिळ्यांची खोकी पायात येतात, आणि रिकामा खिळा एकच, तोही माझ्या डोक्यावर!

बरं, अडकवली तर अडकवली. पण मी पडले बाईमाणूस, आत काय आहे ते बघितल्याशिवाय मला चैन पडेल? उघडली. तिथंच चुकलं. ती पिशवी आहे ना, ती जिथं बनते तिथं कुणीतरी श्वास रोखून भरलेली असते. नुसती चेन ओढली आणि सगळं बाहेर... रबरी हातमोजे, जखमेत दाबून भरायच्या सुती कापडाच्या घड्या, घट्ट ताणून बांधायची पट्टी, बोथट नाकाची कात्री, एक काळं पेन, आणि एक काळा पट्टा, त्याला मधोमध दांडी. एवढंच. गोळी नाही, मलम नाही, काही नाही. आणि हे सगळं परत आत? मी, जी रोज एवढाल्या गाद्या एवढ्याशा कव्हरांत कोंबते, त्या मला ती चेन संध्याकाळपर्यंत लागेना! हे जाता येता बघत होते. शेवटी म्हणाले, "राहू दे, मी तिला एक कपाट करून देतो."

मग मालकांनी एक नर्सबाई बोलावल्या, शिकवायला. कडक बाई. पॉलिशवाल्याला बाकावर निजवलं, त्याच्या हातावर तांबड्या खडूनं रेघ ओढली. "ही जखम. आधी कापड दाबायचं, अंगातलं सगळं बळ लावून दाबायचं. तरी रक्त थांबेना, तर हा पट्टा. जखमेच्या वर बांधायचा. कोण बांधतंय?" मालक पुढे झाले, कपाळावर घाम, आणि बांधला पट्टा बरोब्बर रेघेवर. "वर हो!" "वरच बांधला की बाई." "अहो, जखमेवर नाही, जखमेच्या वर!" आता तुम्हीच सांगा, वर म्हणजे वर की वर? मालक बिचारे पट्ट्यावर पट्टा ठेवायला निघाले. त्यात हे लांबून म्हणतात, "बाई, एक शंका. मी हात वर केला, तर मग वर म्हणजे मनगटाकडे ना?" नर्सबाईंनी खडू खाली ठेवला. हळू आवाजात म्हणाल्या, "वर हा शब्दच विसरा. खांद्याकडे. जखमेपासून चार बोटं खांद्याकडे. कोपरावर नको. दांडी पिळायची, रक्त थांबेपर्यंत पिळायची, पट्टा बांधल्याची वेळ लिहायची. आणि एकदा आवळला की डॉक्टरांशिवाय कुणी सैल करायचा नाही, माणूस कितीही ओरडू दे." आणि जाताना मला एकटीला म्हणाल्या, "तुम्ही लक्ष दिलंत. पिशवी तुमच्याकडेच राहू दे." लक्ष कसलं, मी पट्ट्याची शिलाई बघत होते. काय टाके होते हो! पण बोलणार कोण त्यांच्यासमोर?

तेव्हापासून माझी झोप उडाली. कारण पिशवीवर लक्ष ठेवायचं म्हणजे कुणाकुणावर ठेवायचं? पॉलिशवाला पेन घेऊन जातो, गिऱ्हाइकाचं नाव खुर्चीखाली लिहायला, आणि परत आणत नाही. विचारलं तर म्हणतो, "वहिनी, तुमच्यात गोळी तर काही नसतेच, निदान पेन तरी वापरू द्या." यांनी त्या कात्रीनं पुठ्ठे कापले. पुठ्ठे! शिवणारणीच्या घरात राहून कात्रीनं पुठ्ठे कापतो तो माणूस काय म्हणायचा? मी म्हटलं, "अहो, उद्या कुणाचा जीव जायची वेळ आली आणि कात्री बोथट निघाली तर?" तर म्हणाले, "अगं, इथं कुणाचा जीव जातोय? इतकी वर्षं लाकूड कापतोय, दहाच्या दहा बोटं आहेत, मोज." आणि हात पुढे केला. मी नाही मोजली. आपलीच नजर लागायची.

आणि तुम्हाला सांगते, करवतीनं नाही, रंध्यानं नाही... काचेनं घात केला. एका शोकेसला काचेची दारं बसवायची होती. हे आणि पॉलिशवाला काच धरून चाललेले, पॉलिशवाल्याचा हात तेलकट, काच सटकली, यांनी सोडायची की नाही? सोडतील कसे, गिऱ्हाइकाची काच! पकडायला गेले आणि काच कोपराच्या खाली, हाताच्या आतल्या बाजूनं ओढत गेली. आवाज आला म्हणून मी मान वर केली तर हे हाताकडे बघत उभे, असे, जसं काही दुसऱ्याचाच हात आहे. आणि रक्त... मी मिरची कापताना माझंच बोट कापलं तरी तोंड फिरवते. पण त्या वेळी फिरवलं नाही. फिरवायला वेळच नव्हता.

धावले, हात दोन्ही हातांनी दाबून धरला आणि ओरडले, "पट्टी! पट्टी आणा!"

आता पट्टी म्हणजे काय? तुमच्या घरी पट्टी म्हणजे काय असेल ते असो. पण सुतारांच्या कारखान्यात? मालक धावत गेले आणि पोलादी मोजपट्टी घेऊन आले, फुटाच्या खुणांची! माझ्यापुढे धरली, मोजा म्हणून. पॉलिशवाला पळत आत गेला तो कडेला ठोकायची सागवानी पट्टी घेऊन आला, हा एवढा लांब वासा, येताना दिव्याला लागली. मी ओरडतेय "पट्टी, अहो पट्टी!" आणि आमचे हे, पांढरेफटक पडलेले, रक्त टपटप गळतंय, हे मला विचारतात, "अगं, नीट सांग की त्याला. अर्ध्या इंची की पाऊण?"

देवा! मी म्हटलं, "पिशवी! माझ्या खिळ्यावरची लाल पिशवी आण!" आणि पॉलिशवाला, खोटं नाही सांगत, जागच्या जागी उभा, आणि मला म्हणतो, "पण वहिनी... त्यात गोळी नाही!"

मीच पढवलेलं ना. बोलू कुणाला?

मालकांनी आणली शेवटी. भित्रा माणूस, पण त्यांनीच आणली आणि चेन उघडून पुढे धरली. यांना तिथंच सोफ्यावर आडवं केलं, बाहीला कात्री लावली. तर हे, "अगं नवा शर्ट आहे, गुंडाळ ना बाही." मी काही ऐकलं नाही, खांद्यापर्यंत फाडली. कात्री पुठ्ठे कापून बोथट झालेली, दोनदा अडकली, तेव्हा मी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. त्यांनी डोळे मिटले. कापडाच्या घड्या जखमेत भरल्या, सगळं वजन टाकून दाबलं, पण कापड भिजतच गेलं, माझ्या बोटांमधून वर येत राहिलं. तेव्हा मात्र मी घाबरले. खरं सांगते, कुणी बघत नसतं तर तिथंच बसकण मारली असती. वाटलं, सकाळी डब्यावरून भांडलो आपण, आणि हा माणूस आता... पण तोंड आपलं चालूच, "खांद्याकडे, खांद्याकडे, चार बोटं खांद्याकडे." कोपर टाळून दंडाला पट्टा घातला, ओढला, दांडी पिळली. मालक दुसरीकडे तोंड करून विचारतायत, "वर बांधलात ना?" म्हटलं, "मालक, तुम्ही तो शब्द काढू नका!"

पिळली तशी हे कळवळले. आणि कळवळता कळवळता यांच्यातला मिस्त्री जागा. "लाकूड आवळायचा क्लॅम्प असा लावतात होय? धर नीट. अजून एक पीळ दे." दिला. "अजून अर्धा." दिला. आणि रक्त थांबलं. थांबलं हो! दांडी अडकवली, आता वेळ लिहायची, तर पेन कुठाय? पेन पॉलिशवाल्याकडे, आणि पॉलिशवाला बाहेर टेंपो काढायला गेलेला. मग यांच्याच कानावरची सुताराची पेन्सिल काढली आणि पट्ट्यावरच्या पांढऱ्या चौकोनात वेळ लिहिली. जन्मात पहिल्यांदा त्यांनी ती पेन्सिल मला न कुरकुरता दिली.

दवाखान्यापर्यंत टेंपोच्या मागच्या बाजूला, पोचवायला निघालेल्या कुणाच्या तरी खुर्च्यांच्या मधे, मांडीवर यांचं डोकं. आणि सगळी वाट एकच, "जरा सैल कर." "नाही." "अगं, बोटांना मुंग्या आल्यात." "येऊ देत." "तू माझी बायको आहेस की सावकार?" "आत्ता पिशवीवाली आहे." मग, "तुझे हात कापतायत." म्हटलं, "टेंपो हलतोय." टेंपो सिग्नलला उभा होता.

डॉक्टरांनी शिवलं. टाके बघितले मी, ठीक होते, माझ्यापेक्षा लांब घालतात ते. म्हणाले, नस कापली गेली होती, पट्टा नसता तर पंचाईत होती. असं म्हणून दुसऱ्या पेशंटकडे गेले. पंचाईत! एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढासा शब्द. मी बाहेर बाकावर जाऊन पोटभर रडले आणि परत येऊन यांना विचारलं, "चहा घेणार?"

आता तुम्हाला वाटेल, तेव्हापासून सगळे शहाणे झाले. हो, झाले ना! हे तर एवढे शहाणे झाले की विचारू नका. ड्रामा किट म्हणणारा माणूस, आता पलंग बघायला आलेल्या गिऱ्हाइकाला आधी पिशवी दाखवतो. हात बरा झाल्यावर पहिलं काम काय केलं, तर पिशवीला खरोखरच एक छोटंसं कपाट केलं. दाराला कुलूप नाही, एका बोटानं उघडतं. कडेनं पट्टी मारली. कुठली ते विचारा... पाऊण इंची. विचारून घेतलं मी. नवीन कात्री आली, पेनाला मी दोरी शिवून टाकली. आणि दारावर यांनी स्वतःच्या हातानं, त्याच हातानं, ठळक अक्षरांत रंगवलं: 'यात गोळी नाही.' मला म्हणाले, "घे. आता तुला पुन्हा कधी सांगावं लागणार नाही."

मलाही भरून आलं. एवढ्या वर्षांत या माणसानं माझ्यासाठी पहिल्यांदा काहीतरी लिहिलं, आणि लिहिलं काय, तर यात गोळी नाही. असू दे.

तर काल दुपारची गोष्ट. मी मशीनवर, मान खाली. कुणीतरी येऊन कपाटापाशी उभं राहिलं. मी म्हटलं, पाटी वाचतंय, वाचू दे, आपण कशाला बोला. वाचून झालं. तरी उभंच. वर बघितलं तर हे! स्वतः रंगवलेल्या पाटीखाली, कपाळ धरून.

"अगं, डोकं फार दुखतंय."

मी नुसतं पाटीकडे बोट केलं.

"ते माहितीये गं, मीच लिहिलंय," म्हणाले. "यात नाही. पण तुझ्याकडे असेल ना?"

...आहे हो. काय करणार? मशीनच्या खणात, बॉबिनींच्या मागे, आता ठेवते मी.