पिंजऱ्याला वखारीची दोन कुलपं

...आता तुम्हीच सांगा, मुठीएवढं जनावर अन् कपाटाएवढा पिंजरा, हे पटतंय व्हय तुम्हाला? कायतरी काळंबेरं हाय बघा ह्यात!

न्हाय, मी संशयी न्हाय हं! निपाणीत तंबाखूच्या वखारीवर चाळीस वर्षं राखण केलीया ह्या मारुतीरावानं, माणूस वळखतो, एवढंच. तर आमची नात सौम्या, बेंगळूरला नोकरीला, तिनं शुगर ग्लायडर पाळलंय. खारीगत तोंड, डोळे हे एवढाले, अन् हातपाय पसरून ह्या कपाटावरनं त्या कपाटावर तरंगत जातंय! ते आमच्याकडं सोडून म्हणली, "आप्पा, मी ट्रेनिंगला चाललोय. झकास पिंजरा घ्या. रविवारी व्हिडीओ कॉलवर बघणार, न्हाय आवडला तर मैत्रिणीकडं ठेवणार." मैत्रिणीकडं? का म्हणून? चार दिसांत त्यानं माझ्या खांद्यावर बसून पपई खाल्लीया, लळा लागलाय हो मला... ते कुठं जायचं न्हाय!

म्हणून बेळगावला गेलतो. दुकानदार लगेच, "बर्री अण्णा, कूड्री!" खुर्ची दिली, चहा सांगितला. वळख ना पाळख, चहा? कायतरी काळंबेरं हाय! "अण्णा, ह्याला उंच पिंजरा लागतो, उड्या मारतंय. गजात अर्ध्या इंचापरीस जास्त फट नको, मुंडकं घालून निसटतंय. दाराला क्लिप लावा, सरकतं दार वर ढकलून उघडतंय." बघा, बघा! कसं निसटतंय ते ह्याला एवढं पाठ कसं? वर म्हणतोय, "झोपायला पिशवी घ्या, ह्याला अंधारात लोंबत झोपायला लागतंय." जनावराला बिछाना बी इकणार! पिशवी घेतली न्हाय. क्लिप बी घेतली न्हाय.

कारण वखारीची रीत हाय माझ्याकडं! दाराला दोन कुलपं, एक किल्ली मालकाजवळ, एक राखणदाराजवळ, एकट्यानं उघडायचंच न्हाय. पिंजऱ्याला तसंच केलं. एक किल्ली आमच्या गुणाबाईकडं, एक माझ्या बंडीच्या चोरखिशात. चोरखिसा म्हंजे आतनं शिवलेला, चाळीस वर्षं त्यात माझ्याबिगर कुणाचा हात गेला न्हाय, बायकोचा, ह्या गुणाबाईचा बी न्हाय!

कुलपं दाबायच्या आधी आंघोळ करून आलो तर गुणाबाई खुशीत. "पिशवी शिवली बघा ह्याच्यासाठनं! आत टांगली, लगेच जाऊन झोपलं." घरची पिशवी, फुकटात... मी बी खूश! दार लावलं, कुलपं दाबली, खट्! खट्!

सांजच्याला दार उघडायचं म्हणून खुंटीवर हात घातला, तर बंडी कुठाय? मी पिंजऱ्याकडं बघतोय, गुणाबाई माझ्याकडं बघतीया... बंडी पिंजऱ्यात लोंबतीया हो! कापून, शिवून, पिशवी करून! अन् ते बेणं नेमकं चोरखिशात!

"अगं, खिसा तरी बघायचास!"

"मी कशी बघू? चाळीस वर्षं हात लावू दिलाय का खिशाला?"



"किल्लीवाला बोलवा," म्हणतीया. किल्लीवाला? घरात? आज पिंजऱ्याचं कुलूप उघडंल, उद्या कपाटाचं! त्यापरीस मीच गजातनं काडी घातली, हळूच... तर आतनं "कर्रर्र!" असं वराडलं, काडी हातातनं पडली. मागनं पपईची फोड दाखवली. एक डोळा बाहेर काढला, फोडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं... फोड वढून घेतली, अन् परत किल्लीवर जाऊन बसलं! तीन दिस झालं, पपई गजातनं, पाण्याची बाटली भायेरनं.

आज सौम्याचा कॉल आला. मी घाम पुसत मोबाईल धरला. "आप्पा! एक नंबर! त्याला तुमच्या अंगाच्या वासाचं कापडच पायजे होतं. आता तुमच्याकडंच ठेवतो त्याला!" डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. "खरं आप्पा, जरा भायेर काढून दाखवा की!"

...म्हटलं, झोपलंय बाई.

काय करू? आमच्या मालकाला तवा असला राखणदार मिळाला असता, तर मला वखारीच्या दारात बी उभं केलं नसतं बघा!