डोक्याला लागलंय, डोकं गेलेलं नाही!

...आणि वर मलाच म्हणतात, 'तुम्हाला आठवत नाही!' अहो, नाही आठवत, कबूल! दुकानाचं शटर लागलं ना डोक्याला! म्हणजे ते बिचारं आपलं अर्धं खाली होतं, मीच खडू उचलायला वाकलो आणि ताडकन उठलो... खाण्ण! डोळे उघडले ते थेट दवाखान्यात, आणि त्या दिवसाची सकाळ साफ पुसलेली. डॉक्टर म्हणाले, "मेंदूला हादरा बसलाय. किरकोळ आहे. शब्द अडतील, आवाज सहन होणार नाही, पण येईल सगळं हळूहळू." किरकोळ! डोकं कुणाचं? माझं! पण तुम्हाला सांगतो, डोक्याला लागलंय, डोकं गेलेलं नाही!

हे घरच्यांना कोण समजावणार? मी टेलर मास्तर, उभा जन्म कापडात गेला, आणि हिला म्हणायला गेलो, "जरा ते दे गं... ते... बोटात घालायचं..." तर हिने कपाटातून अंगठी काढून आणली! मला अंगुस्तान हवं होतं हो, सुई टोचू नये म्हणून! पण हिच्या डोळ्यांत पाणी. "इतक्या वर्षांनी सुचलं म्हणायचं तुम्हाला!" आता नाही कसं म्हणू? बसलो दिवसभर अंगठी घालून काजं करत, बोटाची चाळण झाली!

शेजारचा चष्मेवाला येतो आणि कानाशी ओरडतो, "मास्तर! ओ... ळख... लंत... का?" अरे गाढवा, कान शाबूत आहेत! आणि माझा धाकटा भाऊ! कात्री नाचवतो डोळ्यांपुढे, "दादा, हे काय आहे सांग बघू?" आता शब्द तोंडाशी आलाय, पण बाहेर काही पडेना... म्हटलं, "तुझी जीभ!" कात्री ठेवली खाली. डोकं गेलेलं नाही, सांगतोय ना!

पण तो कसला गप्प बसतोय? दुसऱ्या दिवशी म्हणतो, "दादा, शटर लागलं त्याच सकाळी तूच म्हणालास की दुकान बंद, भाड्याने देऊन टाक." बघा! नेमकी तीच सकाळ! "मोबाइलच्या कव्हरवाल्याशी बोलणंही झालंय माझं." मी? मी असं म्हणेन? पण आठवत तर नाही... शब्द गेले तर येतील, पण दुकान गेलं तर हे हात चालवू कुठे? घरात बसून उशांचे अभ्रे शिवू?

आणि आला की तो कव्हरवाला, जागा बघायला! बरं, बघावं आणि जावं, तर माझ्या गळ्यातला टेप ओढून घेऊन भिंत मोजायला लागला! माझ्या टेपने... भिंत! अस्सा संताप चढला, आणि त्या संतापातच सर्रकन आठवली हो ती सकाळ! एक ढेरपोटं गिऱ्हाईक चौथ्यांदा आलं होतं, "पँट घट्ट होते, मास्तर." मी असाच भडकलो होतो. खाऊन पोट वाढवणार हे, आणि शिव्या मी खायच्या? आणि धाकट्यावर ओरडलो होतो, "बंद कर रे हे दुकान! देऊन टाक कुणालाही!"

मीच म्हणालो होतो! पण रागात म्हटलेलं कुणी खरं धरतं का? मग हिला तर मी शंभरदा म्हणालोय, 'मी संन्यास घेतो!'

धाकटा माझ्या तोंडाकडे बघतोय. "दादा, चेहरा बदलला तुझा. आठवलं का काही?"

मी दोन्ही हातांनी डोकं धरलं, त्याच्याकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "आपण कोण?"

कव्हरवाला टेप टाकून पळाला! दुकान वाचलं! पण आता घरातलं एकेक माणूस येऊन मला आपली ओळख करून देतंय. ही म्हणते, "मी तुमची बायको, माझं सगळं ऐकायचात तुम्ही." आणि धाकटा? काल समोर बसला आणि चेहरा गंभीर करून सांगतो, "मी तुझा मोठा भाऊ."

आता काय करता? कालपासून 'दादा' म्हणतोय त्याला!