सायलीनं विचारलेला प्रश्न

आखातात, जाब्रियाच्या दवाखान्यात मी नर्स होते ना, तेव्हाची गोष्ट. आमची सायली पंधरा वर्षांची. मी पोळ्या लाटत असताना तिनं हळूच विचारलं, “आई, एचआयव्ही कशानं होतो गं?”

माझं लाटणं थांबलं. “का? कोण आहे तो?”

“कोणी नाही. जस्ट टेल मी!”

दवाखान्यात परक्यांना मी हे सगळं न लाजता सांगायचे, पण घरी तोंडाला कुलूप. उलट पोरीवरच पाळत ठेवली. तिचा फोन आला की दाराआड उभी राहायचे, शाळेच्या बसमधले मुलगे न्याहाळायचे. शेवटी न राहवून विचारलंच, “खरं सांग, त्यानं तुला हात लावला का?”

ती रडायलाच लागली. “मुलगा नाहीये गं! तुझ्या बोटात पेशंटची सुई घुसली, हे तू बाबांना सांगताना मी ऐकलं. इथं एचआयव्ही झालेल्या परदेशी लोकांना परत पाठवतात म्हणे; तुला काही झालं तर आपल्यालाही इंडियात पाठवून देतील?”

माझे रिपोर्ट केव्हाच चांगले आले होते. तिला जवळ घेऊन ते सांगितलं, मग सुईपासून कंडोमपर्यंत सगळं समजावलं.

डोळे पुसत ती म्हणाली, “तू माझ्यावर नजर ठेवत होतीस ना? मीही तुझ्यावर ठेवत होते. तू नुसती खोकलीस तरी मी दाराआड येऊन उभी राहायचे.”